अबोल्याच्या घरचं लग्न

वैशाखात जालन्याकडे लग्नाला निघाले आहे म्हटल्यावर आमच्या वाईच्या आळीतला जो तो मला उन्हाची भीती घालून गेला. एकीने पदरात कांदा बांधायला लावला, दुसरीने कैरीचा गर गुळात शिजवून बरणीत भरून दिला, आणि शेजारचे काका तर तिकडे पाणी मिळत नाही म्हणून घरची कळशी घेऊन दारात उभे राहिले. दुष्काळ उलटून दोन-तीन वर्षं झाली होती, पण आमच्याकडच्या लोकांच्या डोक्यातून तो उतरायला तयार नव्हता. मी कळशी घेतली नाही. आता परत आल्यावर उन्हाचं कुणी विचारत नाही, लग्नघरात काय झालं तेवढंच सगळ्यांना ऐकायचं असतं. सांगून सांगून माझा घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढते.

आधी माझ्याविषयी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवते, आणि त्यातही व्याकरण. दुसऱ्याच्या बोलण्यातली चूक ऐकून गप्प बसणं मला जमत नाही, त्यामुळे मला फारशा मैत्रिणी नाहीत. लग्न मी केलेलं नाही. त्यामुळे नवराबायकोच्या भांडणांविषयी माझी मतं अगदी ठाम होती.

ज्या थोड्या मैत्रिणी आहेत त्यांतली कौसल्या ही एक. पुण्यात शिक्षिकांचं उन्हाळी शिबिर होतं, तिथे आमच्या गाद्या शेजारी शेजारी होत्या. ती हसनाबादजवळच्या एका वाडीवर प्राथमिक शाळेत शिकवते. सासरची माणसं मूळची मेंढरं राखणारी. आता नवरा, किसनराव, शेती करतो आणि आठवणीपुरती थोडी मेंढरं ठेवून आहे. त्यांना एकच मुलगी, सुमन. तिचं लग्न वडीगोद्रीच्या मुलाशी ठरलं होतं, आणि कौसल्येने मला बजावलं होतं की नुसत्या अक्षता टाकायला येणार असशील तर येऊच नकोस, आठ दिवस आधी कामाला ये.

जालन्याचं स्टँड

सुमन मला घ्यायला जालन्याला आली होती. लग्न आठ दिवसांवर आलेली मुलगी एकटी स्टँडवर उभी पाहून मला नवल वाटलं. आमच्याकडे अशा मुलीला कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा पाठवत नाहीत. तिने माझी पिशवी घेतली, मला उसाचा रस पाजला आणि हसनाबादच्या गाडीत बसल्या बसल्या सांगितलं की आई आणि आण्णा एकमेकांशी बोलत नाहीत.

मी म्हटलं, लग्नघरात असं होतंच, कामाचा ताण असतो. त्यावर ती म्हणाली, "मावशी, मागल्या झेंडावंदनापासून बोलत न्हाईत. जे काय बोलायचं ते माझ्यामार्फत. मी गेल्यावर ह्या दोघांमधी बोलायला कोण?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. नांगरून पडलेली काळी जमीन, मधूनच एखादं लिंबाचं झाड आणि त्याच्या सावलीत दाटीवाटीने उभी असलेली गुरं. सुमन सांगतच होती. नवरा तिला पसंत होता, घर चांगलं होतं, तिला लग्न करायचं होतं. पण आईबापांना असं मुक्यासारखं सोडून तिला सासरी घास गिळणार नव्हता. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. लग्न लागेल, ती जाईल, आणि चार दिवसांत परत येईल ती पुन्हा न जाण्यासाठी. लोकांनी काय बोलायचं ते बोलावं. आईला यातलं काही सांगितलेलं नव्हतं, आणि मीही सांगायचं नाही, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं.

मी तिला म्हटलं, आठ दिवस आहेत, मी बघते. केवढा तो माझा आत्मविश्वास.

वस्तीवर

कौसल्येचं घर गावाबाहेर रानात आहे. मातीच्या भिंती, पुढे लांब ओसरी, बाजूला गोठा आणि गोठ्याला लागून कडब्याची उंच गंजी. मी पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. कौसल्येने मला मिठी मारली, किसनरावांनी लांबून नमस्कार केला, आणि मला ओसरीवर बसवलं ते बरोब्बर दोघांच्या मध्ये. ही जागा आता आठ दिवस माझी आहे हे तेव्हा मला कळलं नाही.

कौसल्या चुलीपाशी होती, किसनराव खांबाला टेकून. हात लांब केला तर एकमेकांना लागेल एवढंच अंतर. कौसल्या मला म्हणाली, "मालूताई, त्यांना म्हणावं हातपाय धुऊन घ्या, भाकरी थापून राह्यले."

मी किसनरावांकडे वळून निरोप सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "बाई, त्यांना म्हणावं धुतले."

मी कौसल्येकडे वळले तर तिने ताट पुढे सरकवलंसुद्धा. दोघांनाही सगळं ऐकू येत होतं. माझं काम निरोप पोचवायचं नव्हतंच, मी नुसतं मध्ये बसायचं होतं. जेवताना मला पाणी प्यायला सवड मिळाली नाही. त्यांना म्हणावं रक्तदाबाची गोळी घ्या. त्यांना म्हणावं घेतली. त्यांना म्हणावं आमटी तिखट झाली असंल तर दही आहे. त्यांना म्हणावं बराबर झालीया. येसराची आमटी होती, भाजलेल्या डाळींच्या मसाल्याची, आणि ती खरोखर बराबर झाली होती. पण मी ती डोकं डावीकडे उजवीकडे फिरवत खाल्ली आणि रात्री मानेला तेल लावून झोपले.

खरं सांगायचं तर त्या पहिल्या दिवशी मला गंमतच वाटली. शाळेत मी तृतीय पुरुष शिकवते तो फळ्यावर, इथे तो चालताबोलता होता. आणि कसा, तर आदरार्थी बहुवचनात. एरवी किसनराव बायकोला काय म्हणायचे ते सुमनने सांगितलं होतं. कौसे, पाणी आण. भांडण झालं आणि कौसेची 'त्या' झाली. आता पाणी हवं असलं की त्यांना म्हणावं, पाणी मिळालं तर बरं व्हईल. आमच्या आळीत गुण्यागोविंदाने नांदणाऱ्या जोडप्यांतही कुणी कुणाशी एवढ्या अदबीने बोलत नाही.

दोन बाजू

दुसऱ्या दिवशी कौसल्येला विहिरीवर गाठलं. तिने धुणं बडवत बडवत सांगितलं, त्यामुळे प्रत्येक वाक्याला धोपटणं बसत होतं. गेल्या झेंडावंदनाला शाळेत तालुक्याहून साहेब आले होते. सारा गाव जमला होता. आभार मानायचं काम कौसल्येकडे होतं. तिने पंधरा दिवस पाठ केलं, शेळ्यांपुढे म्हणून पाहिलं. आणि प्रत्यक्ष उभी राहिली तर समोर एवढी माणसं बघून सगळं साफ गेलं. तोंडातून निघालं ते रोजच्या सवयीचं, एक साथ नमस्ते. पोरं ताडकन उभी राहिली आणि ओरडली. त्यांच्यामागे गावकरी उभे राहिले. साहेबही उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

गाव हसला, त्याचं तिला काही नव्हतं. गावाला हसायला कारण लागत नाही. पण सगळ्यांत मोठ्याने आणि सगळ्यांत शेवटपर्यंत हसला तो तिचा नवरा. झाडाला धरून हसला. ती म्हणाली की ज्या माणसाशी लग्न केलं म्हणून मी बारा गावचं ऐकून घेतलं, त्याने तरी तोंड मिटायला पाहिजे होतं. बोलताना तिच्या हातातलं धोतर किसनरावांचंच होतं आणि ते तिने फाटेपर्यंत बडवलं.

मग मी किसनरावांना मेंढरांपाशी गाठलं. ते एका कोकराच्या पायातला काटा काढत होते. म्हणाले, "मी हसलो न्हाई बाई. हसू आलं. आलं त्याला मी काय करू? तुम्हाला शिंक आली तर तुम्ही काय करता?"

आता हे वाक्य मी वीस वर्षं शिकवत आले आहे. मराठीत माणूस राग करत नाही, राग त्याला येतो. रडू येतं, हसू येतं, लाज वाटते, आठवण येते. सगळ्या भावना बाहेरून येऊन आपल्या ओसरीवर बसतात आणि आपण आपले यजमान. फळ्यावर हे फार छान दिसतं. पण हे वाक्य एका नवऱ्याने स्वतःच्या बचावासाठी वापरलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि ते बिनतोड होतं. मी ते कौसल्येला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "आलं म्हणतेत? मंग गिळायचं व्हतं."

हेही बिनतोड होतं. मी जेवायला बसले.

पण मी व्याकरण शिकवणारी बाई. दुपारी पडल्या पडल्या मला सुचलं की राग येतो हे खरं, पण अबोला कधी कुणाला येत नाही. अबोला धरतात. आणि जे आपल्या हाताने धरलं आहे ते आपल्या हाताने सोडता येतं. मला एवढा आनंद झाला की मी तशीच उठून, कौसल्या शेण गोळा करत होती तिथे उन्हात अनवाणी गेले, पाय भाजले, आणि तिला हा सिद्धान्त समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, बिलकुल खरं आहे मालूताई, पण धरलाय दोघांनी, त्यांना म्हणावं आधी तुम्ही सोडा. किसनरावांकडे गेले तर तेही अगदी हेच म्हणाले. पायांना कोरफड लावून मी संध्याकाळपर्यंत खाटेवर बसले होते.

मग मी दुसरा उपाय केला. दुसऱ्या दिवशी किसनराव लांब रानात होते. कौसल्या मला म्हणाली, त्यांना म्हणावं मांडववाला येऊन गेला, घरी माणूस असतं तर बरं झालं असतं. एवढ्या लांबून तिला काही ऐकू जाणार नव्हतं. मी किसनरावांना सांगितलं की कौसल्या म्हणते, तुमच्यावाचून माझं अडतं. त्या माणसाचा चेहरा बघायला हवा होता. हातातलं काम टाकून ते तरातरा घरी आले, फेटा नीट बांधला आणि मला म्हणाले, त्यांना म्हणावं, अडतं म्हणल्या ते आमाला पोचलं.

कौसल्येने विचारलं, कोण म्हणलं?

पुढचं लिहायला नको. दोघांनीही माझी हजेरी घेतली, म्हणजे एकमेकांना सांगून घेतली. बाईंना शिकून शानं असून कळत न्हाई, असं त्यांना म्हणावं. त्यांना म्हणावं, मधल्या माणसानं निरोपात पदरचं मीठ घालू नये. त्या संध्याकाळी दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं, पण ते माझ्याविरुद्ध.

मस्तगड

आता राहिला शेवटचा उपाय, म्हणजे मध्ये कुणी ठेवायचंच नाही. बांगड्या आणि भांडी घ्यायची होतीच. मी सुमनला घेऊन सकाळच्या गाडीने जालन्याला गेले. घरात दोघंच. दिवसभरात बोलावंच लागेल, असा माझा हिशोब.

जालन्याच्या मस्तगड बाजारात आम्ही दुपारपर्यंत हिंडलो. तिथला दुकानदार एका वाक्यात तीन भाषा बोलतो आणि तिन्हींत स्वस्त देत नाही. मी आमच्या वाईच्या सवयीने घासाघीस करायला लागले, तर त्याने आधी चहा मागवला, मग माझं गाव विचारलं, मग माझ्या प्रकृतीची चौकशी केली आणि शेवटी तोच भाव सांगितला. इतकी आपुलकी दाखवल्यावर पुन्हा भाव पाडून मागायची मला लाज वाटली. बांगड्यांच्या दुकानात कासाराने आग्रहाने माझ्याही हातात एक बांगडी चढवली. चढली ती उतरेना. साबण झाला, तेल झालं, सुमन एका बाजूने आणि कासार दुसऱ्या बाजूने. शेवटी ती फोडावी लागली. या गडबडीत मुलगी हसत होती, आणि हसता हसता एकदम रडायला लागली.

कासार बिचारा लांब जाऊन बसला. सुमन म्हणाली की मला बिलकुल चैन न्हाई मावशी. घरात बापाला ताप आला तर आईला कोण सांगणार. आई पडली झडली तर आण्णा कुणाला विचारणार. रात्री दोघं दोन खाटांवर पडून राह्यतील आणि एकाला पाणी लागलं तर मागणार कसं. मी तिला समजवायला गेले, पण नुसते तिचे डोळे पुसून दिले. ती काही खोटं बोलत नव्हती.

हसनाबादच्या स्टँडवर उतरलो तर समोर वडीगोद्रीचे व्याही उभे. भानुदासराव, सुमनचे होणारे सासरे. ट्रकने वऱ्हाड कधी पोचणार ते ठरवायला अचानक आले होते आणि आता परतीची गाडी धरत होते. म्हणजे दिवसभर घरात दोघंच नव्हते, तिसराही होता.

भानुदासराव फार खूश दिसत होते. सुमन पाया पडली, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, तुमच्या घरी मानाची पद्धत लई भारी. नवराबायको एकमेकांसंगं थेट बोलत न्हाईत, मधी मोठं माणूस बसवून त्याच्या तोंडून बोलतेत. सकाळधरून मला उठू दिलं न्हाई. आता आमच्या घरी बी हेच चालू करायचं."

गाडी आली, भानुदासराव चढले, आणि खिडकीतून पुन्हा एकदा म्हणाले की तू आलीस की तुलाच मधी बसवू. गाडी गेल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, मावशी, म्हणजे तिकडं बी मीच. आम्ही दोघी भांड्यांचं पोतं दोन्ही बाजूंनी धरून वस्तीपर्यंत चाललो.

लग्नाचा दिवस

लग्न रीतसर लागलं. आमच्याकडे वऱ्हाडी आले की आधी मानपानावरून रुसतात आणि मग जेवतात, इथे आधी जेवले. पंगतीत बुंदी, वरण, भात आणि वांग्याची भाजी होती, आणि वाढणारा ताटापुढून हलतच नाही. नको म्हटलं की तो ते दुसऱ्यांदा वाढण्याची परवानगी समजतो. मी हात आडवा धरला तर हातावर बुंदी पडली.

कन्यादानाला मात्र दोघांना एका पाटावर बसावं लागलं. आता मध्ये मी नव्हते, सुमन नव्हती. मला वाटलं, हाच तो क्षण. मी पुढे सरकून कान देऊन बसले. कौसल्या समोर बघत म्हणाली, "भटजी, त्यांना म्हणावं हात नीट धरा, पाणी सांडून राह्यलं." किसनराव म्हणाले, भटजी, त्यांना म्हणावं धार बारीक सोडा. भटजींनी मंत्र थांबवून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. मग घाम पुसून पुन्हा सुरू केलं. मंत्रांच्या मधून मधून त्यांनी हे निरोप घेतले आणि दक्षिणा घेताना ते जरा घुश्श्यात होते, पण मला त्यांचा राग आला नाही. मला त्यांचे हाल ठाऊक होते.

उन्हं कलली तशी पाठवणी झाली. सुमन ट्रकमध्ये पुढे बसली. कौसल्या ट्रकच्या दाराला धरून उभी होती, किसनराव दुसऱ्या बाजूला. कौसल्या रडत म्हणाली, सुमे, त्यांना म्हणावं पोरीसमोर रडू नका. किसनराव म्हणाले, सुमे, त्यांना म्हणावं तुमी तरी कुठं थांबून राह्यल्या. सुमनने दोघांकडे पाहिलं. ट्रक सुरू झाला, धुरळा उडाला, तरी हे दोघं तिच्यामार्फत बोलतच होते. वळणापाशी ट्रक दिसेनासा झाला तेव्हा किसनरावांचं त्यांना म्हणावं अर्ध्यावर राहिलं. ऐकायला कुणी नव्हतं.

मांडवातली माणसं पांगली होती. उरलेले वऱ्हाडी ट्रकबरोबर गेले, गावातले आपापल्या घरी. दोघं वळले, आणि मला कळलं की आता ते मला शोधणार. मी ओसरीवर जाऊन माझ्या जागेवर बसले की झालं, पुन्हा तेच सुरू. आणि सकाळी मी गेले की दुसरं कुणी. मी इकडे तिकडे पाहिलं आणि काय केलं ते सांगायला आता संकोच कसला. नऊवारी कंबरेला खोचली आणि कडब्याच्या गंजीमागे जाऊन लपले. वय वर्षं अठ्ठेचाळीस, वाईच्या शाळेची मराठीची बाई, कडब्यात उकिडवी.

कौसल्येने हाक मारली. मालूताई. मी श्वास धरला. किसनरावांनी हाक मारली. बाई. मानेवरून मुंगी चालायला लागली होती. ते गोठ्यात डोकावले, विहिरीकडे बघून आले. मग दोघं ओसरीवर बसल्याचा आवाज आला. गोठ्यात म्हैस रवंथ करत होती तेवढाच आवाज. किसनराव तिलाच म्हणाले, म्हशे, त्यांना म्हणावं. आणि तिथेच अडकले. मोठ्याने नाक ओढल्याचं ऐकू आलं.

मग म्हणाले, "कौसे, पोर गेली गं."

मला वाटलं, झालं, ही आता उठून आत जाते.

"गेली," कौसल्या म्हणाली. आणि मग, "सकाळधरून तुमच्या पोटात अन्न न्हाई. उठा."

"तू तरी कुठं जेवली."

गंजीमागे मला रडू आलं. मी काही रडले नाही, आलं ते, आणि असं आलं की तोंडात पदर कोंबावा लागला. बाहेर भांड्यांचा आवाज झाला. दोघं उरलीसुरली बुंदी आणि भात घेऊन बसले आणि सुमनबद्दल बोलायला लागले. ती लहानपणी मेंढरांत हरवली होती ते, तिला गोवर आला होता ते. मधूनच कौसल्या हसली. आणि ज्यांनी मला आठ दिवस नको नको म्हणेपर्यंत खाऊ घातलं त्यांना मला जेवायला बोलवायची आठवणसुद्धा झाली नाही. पोटात कावळे कोकलत होते आणि पाय मुंग्यांनी भरले होते, पण मी हलले नाही.

ताटं उचलताना कौसल्येच्या ध्यानात आलं. अगं बाई, मालूताई. आणि मग जे सुरू झालं ते ऐकत मी गंजीला टेकून खुशाल पाय पसरले.

"तुमच्या ध्यानात न्हाई आलं? एवढा मोठा माणूस घरातून गेला."

"तुझी मैत्रीण. तू बघायचं."

"मी बघू? मी काय काय बघू? तुम्ही बसा झाडाला धरून हसत."

"पुन्हा तेच. कितींदा सांगू तुला."

"सांगितलं कधी मला? तोंड तरी उघडलं का माझ्यासंगं?"

असं ते तासभर चाललं. तू आणि तुम्ही, तू आणि तुम्ही. खणखणीत, थेट, तोंडावर. मध्येच किसनराव म्हणाले की चुकलं माझं, बास का, आणि कौसल्या म्हणाली की बास न्हाई, आन त्यो कंदील लावा आधी, बाईला हुडकू. तेव्हा मी डोक्यात कडबा घेऊन बाहेर आले. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. कुठे होता असं कुणी विचारलं नाही. कौसल्येने ताट वाढलं, आणि मी ओसरीवर एका कडेला बसून जेवले.

वडीगोद्री

परतताना मी वाट वाकडी करून वडीगोद्रीला उतरले. हमरस्त्याला लागून दुकानं आहेत, त्यांच्यामागे सुमनचं सासर. भानुदासरावांनी मोठ्या अगत्याने मला बसवलं, सुमनला मध्ये उभं केलं आणि आतल्या दाराकडे बघून म्हणाले, सुमनबाई, त्यांना म्हणावं पावण्यांना चहा ठेवा. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला की घरात नवी सून आल्यापासून तुम्हाला काय झालंय, तोंड न्हाई का तुम्हाला. भानुदासराव माझ्याकडे बघून ओशाळं हसले आणि उठून स्वतः चहाचं सांगायला आत गेले.

सुमन माझ्यापाशी येऊन बसली. हळदीचे हात, नवं लुगडं, आणि डोळे दोन दिवस न झोपल्यासारखे. कोपऱ्यात तिची ट्रंक अजून बांधलेली होती, दोरीसुद्धा सोडली नव्हती. तिने हळूच विचारलं, कसे हायेत दोघं?

"भांडले," मी म्हटलं.

"थेट?"

"थेट. तासभर. मी निघाले तेव्हाही चालू होतं. स्टँडवर मला सोडायला आले ते गाडी कुठल्या बाजूला लागते यावरून."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि ती रडतेय की हसतेय हे मला सांगता आलं नसतं, व्याकरणाची बाई असूनसुद्धा. तिने कोण काय म्हणालं ते सगळं विचारून घेतलं, एक एक शब्द, दोनदोनदा. आण्णा कौसे म्हणले का. म्हणाले. आईनं ऐकून घेतलं का. बिलकुल नाही.

आतून सासूने हाक मारली. सुमनने पदराने तोंड पुसलं आणि उठता उठता कोपऱ्यातल्या ट्रंकेची दोरी सोडायला वाकली.

"मंग मी नांदते आता, मावशी," ती म्हणाली.